मागच्या गाडीला विचारा

एक जून, रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम पंचवीस हजार रुपये, अनामत, रोख. हजर माणसे चार: मी, माझी बायको, घरमालक आणि घरमालकीणबाई. जागा सक्करदऱ्यातले त्यांचे घर. त्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेत होतो.

खरे म्हणजे ठरले होते पंधरा. वरचे दहा त्या सकाळी पाऊण तासात वाढले, आणि त्याला कारण झाले एक कुत्रे.

मी पंधरा हजार मोजून पुढे केले तेव्हा घरमालकांनी हात पुढे केला नाही. "पैसे राहू द्या," ते म्हणाले. "आधी मले तुमच्या गाडीत बसवून तलावाले एक चक्कर मारून आणा."

"कशाला?"

"भाडेकरू कसा आहे ते पाहाचं आहे. कागदं तर सगळेच चांगले आणतात."

घरमालकीणबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांना आम्ही पुढे काकू म्हणू लागलो. "जा भाऊ, जाऊन या," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधीचे दोघं इथूनच पळाले."

मी गाडी काढली. ते शेजारी बसले आणि खिशातून एक पितळी ओळंबा काढला. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतात, तो. तो त्यांनी डाव्या दारावरच्या मुठीला टांगला आणि त्याच्या मागे काचेवर कंपासपेटीतला कोनमापक चिकटपट्टीने चिकटवला. घर शोधणारा माणूस बरेच काही विचारत नाही.

तलावाच्या अर्ध्या फेरीपर्यंत ते नुसते आकडे बोलत होते. "पाच. सात. अकरा. आता हा अकरा काहून झाला? समोर तर कोणीच नोहतं." तेवढ्यात गल्लीतून कुत्रे आडवे आले. मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, कुत्रे वाचले. मला स्वतःविषयी बरे वाटले. मागे मात्र एक स्कूटरवाला, पायांमध्ये गॅसचा सिलिंडर धरलेला, आमच्या डिकीला हात टेकून कसाबसा उभा होता आणि माझ्या घराण्याविषयी बोलत होता.

घरमालक उतरले. त्याच्यापुढे हात जोडले आणि अगदी शांतपणे विचारले, "किती जोराचा धक्का बसला जी तुम्हाले?"

त्याने दिलेले उत्तर लिहिण्यासारखे नाही.

"नापास," गाडीत बसता बसता घरमालक मला म्हणाले. "पंचवीस द्या."

"अहो, पण कुत्रं वाचलं ना?"

"कुत्रं तुम्ही वाचवलं. सिलिंडरवाल्यानं स्वतःले स्वतः वाचवलं. त्याचे मार्क तुम्हाले कसे देऊ?"

घरी आल्यावर त्यांनी नियम सांगितला. जो माणूस ब्रेक असा मारतो तो दारे आपटतो, नळाच्या चकत्या खराब करतो, आणि रात्री खुर्ची उचलून ठेवण्याऐवजी ओढतो. म्हणून त्याची अनामत जास्त. वरचे दहा हजार परत मिळतील, पण ज्या दिवशी घरातले कोणी पास होईल त्या दिवशी. "तुम्हीच झालं पाहिजे असं नाही," ते म्हणाले. "घरचं कोणीही चालते."

मी बायकोकडे पाहिले. तिला स्वयंपाकघर आवडले होते. तिने मान हलवली आणि मी पैसे दिले.

*

घरमालक सरकारी नोकरीत लिफ्ट तपासनीस होते. चौतीस वर्षे त्यांनी विदर्भातल्या लिफ्ट तपासल्या, आणि त्याबद्दल त्यांना जो अभिमान होता तो त्यांनी कधी लपवला नाही. नवख्या माणसाला ते दहा मिनिटांच्या आत सांगत की आपण नापास केलेल्या लिफ्टमध्ये पुढे एक मोठे साहेब अडकले होते. स्वतः मात्र तळमजल्यावर राहत.

लिफ्टच्या खोल विहिरीत रूळ सरळ बसवले आहेत की नाही हे ओळंब्याने पाहतात. तो ओळंबा त्यांनी निवृत्तीनंतर मोटारीत आणला. त्यामागचा विचार असा. "चालत्या लिफ्टीत कोणी देवाचं नाव घेत नाही. घेतात ते सुटताना अन् थांबताना. माणसाच्या पोटाले वेग समजतच नाही, वेगातला फरक तेवढा समजते."

हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दाखवून दिले होते. गाडी वेग घेऊ लागली की ओळंबा मागे जातो. ब्रेक लागला की पुढे येतो. पण एकसारख्या वेगाने चालली, मग तो वेग चाळीस असो की ऐंशी, की तो सरळ खाली लटकतो, घरातल्यासारखा. "पाहा," ते म्हणाले, "ऐंशीवर किती शांत आहे. तुम्हीही तसेच शांत राहता. काही होऊन राहिलं असं वाटतच नाही. म्हणून वेग काट्यावर वाचाचा, अंगानं ठरवाचा नाही."

कोनमापकावर त्यांची मर्यादा दहा अंशांची होती. रोजचे चालवणे दहाच्या आत झाले पाहिजे. आणीबाणीत काय करायचे, असे मी विचारले. "तेव्हा पूर्ण दाबाचा," ते म्हणाले. "ओळंबा काचेवर आपटू द्या. जीव वाचवा. पण घरी येऊन बसा अन् विचार करा, मले ते उशिरा काहून दिसलं." दहाच्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे काहीतरी उशिरा पाहिल्याचा पुरावा, असे ते मानत. त्यातही ते फरक करत. पाय हळूहळू दाबत गेले तर ओळंबा झुकतो, झटका दिला तर नाचतो. झुकलेला त्यांना चाले. नाचलेला चालत नसे.

स्वतः ते एक जुनी पांढरी गाडी चालवत. शहरात चाळीसच्या वर नाही, हायवेला डाव्या बाजूने साठ. मागे हॉर्नची वरात असे. मी एकदा म्हणालो की रिकाम्या रिंगरोडवर इतके हळू चालवणेही बरोबर नाही, मागचे चिडून वेडेवाकडे पुढे काढतात. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकात गाठून म्हणाले, "तुमचं अर्धं बरोबर आहे." कोणते अर्धे, ते सांगितले नाही.

सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या मोटारसायकलवाल्यांशी बोलायची त्यांना खोड होती. काच खाली करून विचारत, "काय गा, सत्तरले थांबाले किती जागा लागते तुले?" बहुतेक पोरे हसून निघून जात. एकाने मात्र उत्तर दिले होते, "काका, तुम्ही समोर नसले तर लागतच नाही." हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. उत्तर चुकीचे असले तरी तत्पर होते, असे त्यांचे मत होते.

काकू त्यांच्या गाडीत बसत नसत. भाजीला, लग्नाला, देवळात, सगळीकडे ऑटोने जात. माझ्या बायकोने कारण विचारले तर म्हणाल्या, "मले पोहोचाचं असते ना वं."

गल्लीत त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाई. ती मला आमच्या दूधवाल्याने पहिल्याच आठवड्यात सांगितली. त्यांचा मुलगा म्हणे अपघातात गेला आणि तेव्हापासून ते असे झाले. मी चार महिने त्यांच्याशी जपून बोललो. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, चांगला गुटगुटीत, आणि त्याने आपली मोठी गाडी फाटकात तिरपी लावून आमची वाट अडवली. मग मी घरमालकांना सरळच विचारले की तुमचा कधी अपघात झाला होता का.

"नाही," ते म्हणाले. "व्हायची वाट पाहू का?"

आणखी एक सवय सांगायची राहिली. दर महिन्याच्या एक तारखेला, चहाच्या आधी, काकू एक फूटपट्टी वरून धरत आणि न सांगता सोडत. घरमालक खाली अंगठा आणि बोट उघडे ठेवून बसत आणि पडती पट्टी पकडत. जिथे पकडली तो आकडा म्हणजे त्या महिन्याची त्यांची चपळाई. वीस सेंटिमीटरच्या आत पकडली तर गाडीची चावी महिनाभर त्यांच्याकडे. "पट्टी वीस सेंटिमीटर पडते तेवढ्यात साठची गाडी तीन मीटरच्या वर निघून जाते," ते म्हणत. "अन् हे तर डोळे लावून बसलेल्या माणसाचं. रस्त्यावर कोणी पट्टी पकडाले बसलेलं नसते. तिथं पूर्ण सेकंद धरा."

काकू म्हणत, "लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नाही मले, की आयुष्यभर पट्ट्या सोडाव्या लागतीन."

*

दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोची बदली मौद्याच्या एका शाळेत झाली. मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. मौदा शहराच्या एका बाजूला, कळमेश्वर दुसऱ्या बाजूला, त्यामुळे मी तिला सोडणे शक्य नव्हते. बसने जाऊन पाहिले. सकाळची बस धरली तर ती शाळेत वेळेवर पोहोचे, पण संध्याकाळी घरी यायला आठ वाजत. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि शाळेतून आल्यावर काकूंकडे बसून राही. दोन महिन्यांत बायकोपुढे दोनच वाटा उरल्या: नोकरी सोडणे किंवा गाडी घेऊन जाणे.

परवाना तिच्याकडे होता. पण तिने गाडी सक्करदरा चौकाच्या पुढे कधी नेली नव्हती. मी तिला म्हणालो की नोकरी सोड. भंडारा रोडवर ट्रक चालतात, वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या चालतात, तिथे रोज जाऊन रोज परत येणे मला मान्य नव्हते. माझा पगार पुरेल असे मी तिला आकडे मांडून दाखवले.

"तुमचे आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण मला शिकवायचं आहे." आणि ती खाली घरमालकांकडे गेली. परत आली ती सांगत, की काका रविवारपासून शिकवायला येणार आहेत.

आमच्या मागच्या बाजूला एक नवा ले-आउट पडला होता. डांबरी रस्ते झाले होते, घरे अजून नव्हती. पहिल्या रविवारी आम्ही तिघे तिथे गेलो. घरमालकांनी रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची एक आडवी रेघ मारली. बायकोने वीसच्या वेगाने येऊन चाके रेघेवर आली की ब्रेक पूर्ण दाबायचा. तिने तसे केले. गाडी रेघेपुढे तीन मीटरवर थांबली. टेप मी स्वतः धरला होता.

"आता चाळीसनं येतील मॅडम," घरमालक म्हणाले. "हिशेबवाले, तुम्ही सांगा, कुठं थांबीन गाडी?"

मी म्हणालो, "वीसला तीन, तर चाळीसला सहा." हे त्रैराशिक आहे, आणि त्रैराशिकावर मी आजवर घर चालवले आहे.

"पक्कं?"

"एक मीटर सूट धरा. सात."

"मग सातवर तुमची एखादी वस्तू ठेवा."

वस्तू आमच्याजवळ एकच होती. गाडी पुसायला पाणी आणलेली लाल बादली, त्याच आठवड्यात घेतलेली, एकशे साठ रुपयांची. पाणी ओतून मी ती बरोबर सात मीटरवर ठेवली आणि बाजूला झालो.

बायको चाळीसने आली. रेघेवर ब्रेक दाबला, चाके किंचाळली, बादली गाडीखाली गेली आणि गाडी बादलीच्या पाच मीटर पुढे जाऊन उभी राहिली. बायको दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. उतरली तेव्हा तिने आधी बादलीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"मी दाबला होता ब्रेक," ती म्हणाली. "पूर्ण दाबला होता."

"पूर्णच दाबला मॅडम, मी पाहिला," घरमालक म्हणाले. "बादली तुमच्या ब्रेकनं नाही फुटली. यांच्या गणितानं फुटली."

मग त्यांनी फक्कीनेच रस्त्यावर समजावले. ब्रेक दर सेकंदाला ठरावीक वेगच खातो, जास्त खात नाही. वेग दुप्पट असेल तर तो खाऊन संपवायला वेळ दुप्पट लागतो. आणि त्या दुप्पट वेळात गाडी पळत असते तीही दुप्पट वेगाने. दोन वेळा दोन. तिनाचे बारा होतात, सहा होत नाहीत.

घरी येऊन मी हे कागदावर तीनदा करून पाहिले. बरोबर होते. तेवढ्यावर न थांबता मी साठचेही केले. सत्तावीस मीटर आले. आणि आणखी एक गोष्ट निघाली, जी मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितली नव्हती. दोन गाड्या एकाच जागी ब्रेक दाबतात, एक चाळीसने आलेली, दुसरी साठने. जिथे चाळीसवाली पूर्ण थांबते, तिथून साठवाली अजून जवळजवळ पंचेचाळीसने पुढे जात असते. मी कागद खाली नेऊन दाखवला. घरमालकांनी तो वाचला आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "चहा टाका. वरच्याले समजलं."

पण मी काही शिकणारा नव्हतो, शिकणारी ती होती. तीन महिने दर रविवारी ती त्यांच्याबरोबर जाई आणि आकडे ऐकून येई. पहिल्यांदा हायवेला गेली त्या दिवशीचे तिने मला सांगितले. मागच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून तिने ऐंशी गाठले होते.

"काहून पळून राहिल्या?" घरमालकांनी विचारले.

"उशीर होईल, काका."

"हायवे तुमचा तीस किलोमीटरचा. साठनं किती वेळ?"

"तीस मिनिटं."

"ऐंशीनं?"

तिने करून पाहिले. "साडेबावीस."

"साडेसात मिनिटं वाचली. काय करता तेवढ्यात?"

"शाळेत जाऊन चहा पिते."

"मग घरून साडेसात मिनिटं आधी निघा, अन् चहा तिथंच प्या. त्या ट्रकवाल्याले जाऊ द्या, त्याच्या घरी त्याची बायको चहा घेऊन बसली आहे."

शेवटच्या महिन्यात ते तिला पुढचे बघूच देत नाहीत, अशी तिची तक्रार होती. अर्थात तसे नव्हते. पण प्रत्येक ब्रेकच्या आधी ते विचारत, "मागं कोण आहे?" तिला उत्तर देता आले नाही तर गाडी बाजूला घ्यायला लावत. समोर काही दिसले की आधी पाय फक्त उचलायचा, मग ब्रेकला नुसता स्पर्श करून लाल दिवा दाखवायचा, मग दाबत जायचे. "तुमच्यासमोर काय आहे ते मागच्याले दिसत नाही," ते म्हणत. "त्याले फक्त तुम्ही दिसता. तुम्ही उशिरा समजले तर तो त्याच्याहून उशिरा समजते."

ती जाऊ लागली. पहिले काही आठवडे ती पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी कारखान्यात एकही बेरीज सरळ केली नाही. परीक्षा मात्र घरमालकांनी घेतली नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "परीक्षा घेतो म्हणून सांगितलं की सगळेच चांगली चालवतात."

*

त्यानंतरच्या जानेवारीच्या एक तारखेला काकूंनी सोडलेली पट्टी घरमालकांच्या बोटांमधून सरळ फरशीवर पडली. काकूंनी ती उचलून पुन्हा धरली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा धरायला लागल्या तर घरमालकांनी हात मागे घेतला.

हे आम्हाला काकूंनी सांगितले. घरमालकांनी स्वतः काही सांगितले नाही. दुपारी पांढऱ्या गाडीवर कापडी आच्छादन चढलेले दिसले, एवढेच. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी म्हटलं, अहो, मी लवकर सोडली, पुन्हा पाहू. तर म्हणे, रस्त्यावरचा कोणी सांगून सोडते का?" आणि मग बराच वेळ त्या पदराने डोळे पुसत बसल्या. त्या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

घरमालकांची धाकटी बहीण मौद्याला राहते. दर महिन्याला ते तिच्याकडे जात. त्या महिन्यात तिसऱ्या शनिवारी सकाळी ते आमच्या जिन्यात आले. "मॅडम, जागा आहे का गाडीत?" जागा होती. मला सुट्टी होती, म्हणून मीही निघालो. आणि काकू तयार होऊन फाटकात उभ्या होत्या.

"तू येऊन राहिली?" घरमालकांनी विचारले.

"हिच्या गाडीत बसते मी," काकू म्हणाल्या आणि माझ्या शेजारी मागे बसल्या.

घरमालक पुढे बसले. खिशातून ओळंबा काढून मुठीला टांगला, कोनमापक चिकटवला. पण त्या दिवशी आकडे बोलले नाहीत. हायवेला थोडे धुके होते. काट्यावर पन्नास होते, मी मागून वाचत होतो.

मौदा चार-पाच किलोमीटर राहिले असेल. डावीकडच्या शेतरस्त्यावरून तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, लादलेला एक ट्रॅक्टर, इकडेतिकडे न पाहता, ट्रॉलीसकट हायवेवर आला आणि आडवा झाला. धुक्यात तणसाचा नुसता एक ढीग रस्त्यात उभा राहिल्यासारखे दिसले. मी सीटची कड धरली. माझा उजवा पाय, ज्याच्याखाली काहीच नव्हते, पूर्ण दाबला गेला.

बायकोने पाय आधीच उचलला होता. तिची नजर आरशात जाऊन आली. मग ब्रेकला दोनदा नुसता स्पर्श, मग दाबत जाणे. ओळंबा पुढे झुकत गेला, आठ, दहा, तेरा, आणि तिथेच राहिला. नाचला नाही. गाडी ट्रॉलीच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्याने हात वर केला आणि सावकाश आपल्या बाजूला गेला.

मी घरमालकांकडे पाहिले. ते पूर्ण मागे वळून बसले होते. मला वाटले माझ्याकडे पाहत आहेत, पण ते मागच्या काचेतून पाहत होते. आमच्या मागे मजुरांना घेऊन चाललेली एक व्हॅन उभी होती. तिच्यात आणि आमच्यात आणखी एक गाडी सहज मावली असती.

"मॅडम, बाजूले घ्या," ते म्हणाले.

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ते उतरले. व्हॅनवाल्याला हाताने थांबवले, तोही कडेला आला. मी मागोमाग गेलो, कारण मागच्या वेळचा स्कूटरवाला मला आठवत होता.

"किती जोराचा धक्का बसला जी तुम्हाले?" त्यांनी विचारले.

व्हॅनवाला गोंधळला. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "कायचा धक्का, काका?"

"आता थांबले ना तुम्ही."

"हाव, थांबलो. म्हणून काय झालं? काही पडलं का तुमचं?" मागे बसलेल्या मजूर बायांपैकी एक डोके बाहेर काढून म्हणाली, "चाल ना गा भाऊ, काहून थांबवलं?"

घरमालकांनी त्याला हात जोडले. परत येऊन ते गाडीत बसले आणि त्यांनी ओळंबा काढून खिशात ठेवला. काकूंना वाटेत झोप लागली होती. ट्रॅक्टर त्यांना आम्ही नंतर सांगितला.

*

संध्याकाळी सक्करदऱ्याला परत आल्यावर घरमालक आम्हाला फाटकात थांबवून आत गेले आणि पाचशेच्या वीस नोटा घेऊन बाहेर आले. हजर माणसे तीच चार. नोटा त्यांनी माझ्या बायकोच्या हातात ठेवल्या.

"काका," मी म्हणालो, "अनामत मी भरली होती."

"भरली तुम्ही. पास त्या झाल्या."

"मग बादलीचं तरी काय ते सांगा. ती तुमच्या वर्गात फुटली."

"ती तुमच्या त्रैराशिकानं फोडली," ते म्हणाले. "त्याच्याकडून वसूल करा." आणि फाटक लावून घेतले, आवाज न करता.

पुढे दीड वर्षाने आम्ही स्वतःच्या घरात गेलो. उरलेले पंधरा हजार त्यांनी चेकने, माझ्या नावाने दिले. पांढरी गाडी तेव्हाही आच्छादनाखालीच होती, आणि महिन्यातून एकदा मौद्याला ते दोघे माझ्या बायकोबरोबरच जात होते.

दहा हजारांचे बायकोने काय केले ते मी विचारले नाही. त्यातले एकशे साठ रुपये मात्र तिने त्याच रात्री जेवणाआधी माझ्यापुढे ठेवले. मी म्हणालो, हे कशाचे? "बादलीचे," ती म्हणाली. "गणित तुमचं असलं तरी गाडी मी चालवत होते."

मी ते घेतले.